तलवारीसारखी पानं, एका दिवसाचं पांढरं-निळं फूल : हे आयरिसच का?

पानोपानी :
नमस्कार मंडळी, एक झाड ओळखून हवंय. या घरात आम्ही आलो तेव्हापासून कुंपणाच्या कडेला, सावलीत, हे एक बेट आहे, आधी राहणाऱ्यांनी लावलेलं असणार. दोन वर्षं नुसती पानं. लांब, चपटी, टोकाला निमुळती, बुडाशी एकमेकांत अडकलेली, हाताच्या पंख्यासारखी पसरलेली. मी गवतच समजत होते आणि दोनदा उपटायला पण घेतलं होतं, पण मुळं इतकी घट्ट की राहूनच गेलं. आणि आज सकाळी पाणी घालायला गेले तर तिथे फूल! बाहेरच्या तीन पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, पसरट. आतल्या तीन लहान, निळ्याजांभळ्या, टोकं मागे वळवून गुंडाळलेली. मध्ये बुडाशी पिवळट भाग आणि त्यावर तपकिरी आडव्या रेघा, अगदी वाघाच्या अंगावर असतात तशा. मी तिथेच पायरीवर बसून राहिले थोडा वेळ.

संध्याकाळी परत बघते तर फूल मिटून त्याची ओली गुंडाळी झालेली. म्हणजे एकच दिवसाचं आयुष्य का? का पाणी कमी पडलं?

ओळखणाऱ्या अ‍ॅपवर तीनदा फोटो टाकला, एकदा आयरिस आलं, एकदा आफ्रिकन आयरिस, एकदा ऑर्किड. शेजारच्या काकू म्हणतात हे वेखंड आहे, थोडा कंद मला दे. द्यायच्या आधी खात्री करून घ्यावी म्हणून इथे विचारतेय. फोटो चार आहेत, सगळे वरून काढलेले.

कळीदार :
सुंदर फूल आहे! मला तरी हे डायटीस वाटतंय, आफ्रिकन आयरिस म्हणतात तेच. पांढरं, जांभळं, पिवळं तिन्ही रंग जुळतात आणि फूल एका दिवसात जातं हेही जुळतं. पाणी कमी पडलेलं नाही, काळजी करू नका. आमच्याकडे चार वर्षांपासून आहे.

दुपारची उन्हं :
+१, डायटीस.

मातीचा वास :
ताई, आधी काकूंचं. कंद कुणालाही देऊ नका, निदान आज तरी. वेखंडाची आणि आयरिसच्या कुळातल्या झाडांची पानं फसवी सारखी असतात. इतकी की आयरिसच्या एका पिवळ्या जातीचं शास्त्रीय नावच स्यूडॅकोरस आहे, म्हणजे खोटं अ‍ॅकोरस, आणि अ‍ॅकोरस म्हणजे आपलं वेखंड. पण वेखंडाला असं फूल येतच नाही. त्याला येतं ते बोटासारखं, हिरवट-पिवळं, कणसासारखं दाटीचं काहीतरी, आणि ते पानासारख्या दांड्याच्या मध्येच बाजूला चिकटल्यागत असतं. दुसरी खूण नाकाची. पानाचा तुकडा तोडून चुरगळा. वेखंड असेल तर उग्र, मसालेदार वास येतो, विसरता येणार नाही असा. नुसता गवताचा हिरवा वास आला तर वेखंड नाही. आणि आयरिसच्या कुळातल्या बऱ्याच झाडांचे कंद पोटात गेले तर उलट्या, जुलाब, तोंडाची आग असा त्रास होतो. कुत्रं-मांजर पाळलं असेल तर त्यांनाही. ओळख न पटलेलं झाड औषध म्हणून घेऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

आता फुलाचं. फोटो वरून काढलेत त्यामुळे अर्धीच गोष्ट दिसतेय. पुढचं फूल उमललं की हे बघाल का : बाजूने एक फोटो, फुलाच्या पाठीमागून एक, दांडा खालपासून वरपर्यंत एक, आणि पंख्याचं बूड जवळून. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल.

पानोपानी :
पान चुरगळलं. गवताचाच वास. काकूंना सांगितलं, त्यांनाही पटलं. मनापासून आभार, मी तर उद्या उकरून देणारच होते.

कळ्या अजून आहेत, उमलली की फोटो टाकते.

शेवंती :
हे कर्दळीच्या किंवा भुईचाफ्याच्या जवळचं काही नाही ना? भुईचाफ्याचं फूल पण पांढरं-जांभळं असतं आणि लांबून ऑर्किडसारखंच दिसतं.

मातीचा वास :
शेवंतीताई, शंका बरोबर आहे, रंग खरंच तसेच आहेत. पण भुईचाफ्याचं फूल थेट जमिनीतून वर येतं आणि बहुतेक वेळा पानं नसताना येतं, इथे पानांचा पंखा पूर्ण आहे. शिवाय मोजणीत लगेच फरक कळतो. मी नेहमी पुंकेसरांपासून सुरुवात करतो, रंगापासून नाही, कारण रंग एकाच जातीत दहा प्रकारचे असू शकतात. लिलीला सहा पुंकेसर. अ‍ॅमारिलिस, क्रायनम, झेफिरँथस या सगळ्यांनाही सहा. आयरिसच्या कुळात मात्र तीन. आल्याच्या कुळात, म्हणजे भुईचाफा, सोनटक्का वगैरे, कामाचा एकच. कर्दळीत तर एकाचाही अर्धाच भाग परागाचा, उरलेला पाकळीसारखा. आणि ऑर्किडमध्ये पुंकेसर आणि स्त्रीकेसर मिळून एकच खांब झालेला असतो. मग दुसरी गोष्ट, अंडाशय कुठे आहे. म्हणजे फुलाच्या पाठीमागे, दांडा जिथे लागतो तिथे हिरवी फुगीर गाठ दिसते का. लिलीत ती गाठ पाकळ्यांच्या आत असते, आयरिसच्या कुळात पाकळ्यांच्या खाली, बाहेर. म्हणून तर पाठीमागचा फोटो मागितला.

पुंकेसर तीन आणि गाठ खाली असं असेल तर कुळ नक्की झालं. त्यात दोन हजारांवर जाती आहेत, ग्लॅडिओलस, फ्रीजिया, आणि केशरसुद्धा. केशराची प्रत्येक फुलातली ती तीन लाल धाग्यांची टोकं म्हणजे स्त्रीकेसराच्या तीन शाखा. या कुळाला तीनचा आकडा भारी प्रिय आहे.

रानवाटा :
खूप माहितीपूर्ण धागा. मी पण एक शंका जोडू का? माझ्याकडे असंच झाड आहे पण फूल पिवळं आणि मध्ये तपकिरी ठिपके. वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

पानोपानी :
इथेच विचारा की, सगळ्यांनाच उपयोग होईल.

आणि आज दोन फुलं आली! सकाळी सात वाजता कळ्या घट्ट होत्या, मग मी चहा वगैरे आटपून आले तर पूर्ण उघडलेली, मधला काळ हुकला त्याची चुटपुट लागलीय. बाजूने, मागून, सगळीकडून फोटो काढले. पाठीमागे हिरवी गाठ आहे, मुगाच्या दाण्याहून थोडी मोठी, लांबट. पाकळ्यांच्या खाली.

पुंकेसर मात्र दिसेनात. मधे एक निळसर-पांढरा उभा खांब आहे, त्याला वर टोकं टोकं फुटलीयेत, छोट्या मुकुटासारखी. शेवटी टाचणी घेतली आणि भिंगाखाली धरून हळूच त्या खांबाच्या एका बाजूला सरकवली, तर तिथून एक चपटी पट्टी सुटून आली, टाचणीला पांढरट पीठ लागलं. पराग! खांबाला अंग चिकटवून उभा होता. मग फिरवून मोजले, तीन बाजूंना तीन. इतक्या वर्षांत हजार फुलं तोडली असतील पण असं आत डोकावून कधी बघितलं नव्हतं.

फुलाचा व्यास साडेपाच सेंटीमीटर. पानाची रुंदी सगळ्यात रुंद जागी अडीच.

दांड्याचा फोटो काढता आला नाही कारण दांडाच नाहीये. फूल पानातूनच आलंय.

कळीदार :
म्हणजे? पानाच्या बगलेतून का?

पानोपानी :
नाही नाही, पानाच्या अंगातूनच. एक पान आहे, बाकीच्यांसारखंच चपटं आणि लांब, त्याच्या साधारण पाऊण उंचीवर कडेला एक फुगवटा आहे आणि त्यातून कळ्या बाहेर पडतात. वर परत पान चालूच. फोटो ३ आणि ४ बघा.

गवतफूल :
मी एरवी वाचनमात्र असते पण हे वाचून लिहावंसं वाटलं. ताई, ते पान नाहीये, तोच दांडा आहे! तुम्ही ते "पान" उजेडासमोर धरून बघा. मधोमध जाड शिरेसारखं भरीव काहीतरी आणि दोन्ही बाजूंना पातळ पंख दिसतील. कळ्या जिथे फुटतात तिथे दांडा संपतो आणि वरचा भाग म्हणजे कळ्यांना आच्छादणारं पान, ते तसंच पुढे वाढलेलं. आमच्या आजोबांकडे हे झाड होतं, मी लहानपणी त्याला पानफूल म्हणायचे, माझा स्वतःचाच शब्द होता तो, कारण मलाही ते पानातूनच उगवल्यासारखं वाटायचं. नाव विचारलं तर निओमारिका. चालणारं आयरिस म्हणतात.

मातीचा वास :
गवतफूल, अगदी नेमकं सांगितलंत! दांड्याचाच प्रश्न होता. चपटा, पंख असलेला, पानासारखा दांडा ही निओमारिकाची पक्की खूण. डायटीसचा दांडा गोल, बारीक, तारेसारखा ताठ आणि फांद्या फुटलेला असतो, पानापासून वेगळा ओळखू येतो. शिवाय डायटीसच्या सहाही पाकळ्या सपाट उघडतात, आतल्या तीन अशा गुंडाळत नाहीत, आणि तिथे जांभळा रंग असतो तो पाकळ्यांचा नसून मधल्या स्त्रीकेसराच्या रुंद, पाकळीसारख्या शाखांचा. कळीदारदादा, तुमच्याकडे आहेच तर उद्या बघून खात्री करा.

आणि खरं आयरिस, म्हणजे अस्सल, बागेतलं दाढीवालं वगैरे, त्यात स्त्रीकेसराच्या तीन शाखा इतक्या पाकळीसारख्या होतात की छतासारख्या खालच्या लोंबत्या पाकळीवर येतात आणि त्या छताखाली पुंकेसर लपलेला असतो. मधमाशीला मध हवा तर त्या बोळातून आत जावं लागतं. जाताना छताच्या तोंडाशी एक छोटी झडप असते, ती माशीच्या पाठीवर दुसऱ्या फुलातून आलेले पराग खरवडून घेते, पुढे पुंकेसर नवे पराग पाठीला लावतो, आणि माशी मागे सरकत बाहेर निघते तेव्हा झडप उलटी दाबली जाऊन मिटते, म्हणजे स्वतःचे पराग स्वतःला लागत नाहीत. एका फुलात असे तीन बोळ, म्हणजे माशीच्या हिशोबाने ती तीन वेगळी फुलं. मला या फुलाबद्दल किती सांगू आणि किती नको असं होतं.

तुमच्या फुलात ते छत नाही, मधे उभा खांब आहे आणि पुंकेसर त्याला चिकटलेत. म्हणून आयरिस नाही. कुळ तेच, घर वेगळं.

पानोपानी :
उजेडासमोर धरलं. आहे! मधोमध जाड, गर्द हिरवी पट्टी आणि कडेला फिकट पंख. शेजारचं खरं पान धरून बघितलं तर ते सगळीकडे जवळपास सारख्याच जाडीचं. दोन वर्षं रोज बघतेय आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं.

पण चालणारं म्हणजे काय?

गवतफूल :
फुलं येऊन गेली की त्याच जागी, कळ्या होत्या तिथे, एक छोटंसं पिल्लू रोप तयार होतं, इवलासा पानांचा पंखा. ते वाढत गेलं की वजनाने दांडा वाकतो, रोप जमिनीला टेकतं आणि तिथे मूळ धरतं. मग ते मोठं होऊन त्यालाही दांडा येतो, तो पुढे वाकतो. असं दरवेळी एक-एक पाऊल पुढे. आजोबांचं झाड पायरीपासून निघून आडापर्यंत पोचलं होतं, मला आठवतंय, मी पावलं मोजायचे.

म्हणून ताई, फुलं संपल्यावर दांडा कापू नका हं. वाळल्यासारखा वाटला तरी.

कळीदार :
आज सकाळी माझ्या झाडाचा दांडा नीट बघितला. गोल, तारेसारखा, दोन फांद्या. आणि जांभळं होतं ते खरंच मधल्या शाखांवर, पाकळ्या पांढऱ्याच. म्हणजे माझं डायटीस आणि ताईंचं निओमारिका. मी घाईने सांगितलं होतं, आता पक्कं कळलं, मातीचा वास आणि गवतफूल दोघांचे आभार. योगायोग म्हणजे डायटीसचाही दांडा कापायचा नसतो, त्याच दांड्यावर पुढच्या वर्षी परत कळ्या येतात. बारा-पंधरा दिवसांच्या अंतराने बहर येतात म्हणून त्याला पंधरवड्याची लिली पण म्हणतात, आणि लिलीशी त्याचा संबंध नाही.

दुपारची उन्हं :
जात कुठली पण? निओमारिकात बऱ्याच आहेत ना.

मातीचा वास :
हो. ब्राझीलकडचा हा गट. पांढरं-निळं आणि घरोघरी असणारं म्हटलं की ग्रॅसिलिस किंवा नॉर्थियाना. नॉर्थियानाचं पान जास्त रुंद, पाच सेंटीमीटरपर्यंत जातं, आणि फूलही मोठं, सुगंधी. सेरुलिया म्हणून आहे तिच्या बाहेरच्या पाकळ्याही निळ्याच असतात. ताईंचं पान अडीच आणि फूल साडेपाच, पाकळ्या पांढऱ्या, म्हणजे माझं मत ग्रॅसिलिस. ताई, वास होता का फुलाला?

एक लक्षात ठेवा, पुस्तकात किंवा नेटवर शोधताना हीच झाडं ट्रायमेझिया या नावाखालीही सापडतील. वनस्पतींच्या जनुकांचा अभ्यास करून काही शास्त्रज्ञांनी निओमारिका हा गट आता ट्रायमेझियातच धरलाय. दोन नावं दिसली म्हणून गोंधळू नका, झाड एकच.

पानोपानी :
वास अगदी नाहीच म्हणावा इतका. म्हणजे ग्रॅसिलिस.

रानवाटा :
माझ्या पिवळ्याचं बघा ना कुणीतरी. ठिपके बुडाशी आहेत, तपकिरी. आतल्या पाकळ्या लहान आणि टोकं वळलेली. पानं ताईंच्या झाडासारखीच.

मातीचा वास :
रानवाटा, पिवळ्यात उमेदवार तीन. डायटीस बायकलर : फिकट पिवळं, बाहेरच्या तीन पाकळ्यांवर एकेक गडद डाग, पानं अगदी अरुंद. तुमच्या आतल्या पाकळ्या वळलेल्या आहेत म्हणजे ते बाद. मग राहिल्या ट्रायमेझिया मार्टिनिसेन्सिस आणि पिवळी निओमारिका, लाँगिफोलिया. दोन्ही ठिपकेवाल्या, फुलावरून भांडत बसाल. दांडा बोटांत धरून फिरवा. गोल फिरला तर ट्रायमेझिया, चपटा लागला तर निओमारिका.

शेवंती :
माझ्याकडे केशरी, लाल ठिपक्यांचं आहे, पानांचा पंखा असाच. फूल सुकताना पिळलेल्या फडक्यासारखं गोल गोल वळतं आणि नंतर बोंड फुटून काळ्या चकचकीत बिया घोसात दिसतात, जांभळाएवढ्या नाही पण तशाच रंगाच्या. ते पण यातलंच का?

मातीचा वास :
हो, आणि त्याची कहाणी तर ऐकण्यासारखी आहे. ते बेलॅमकँडा, चित्त्यासारखे ठिपके म्हणून लेपर्ड लिली. सहाही पाकळ्या सारख्याच, म्हणून कितीतरी वर्षं त्याला आयरिसपासून वेगळं ठेवलं होतं. १७५३ मध्ये लिनियसने एकाच ग्रंथात या झाडाला दोन नावं दिली, एकदा इक्सिया म्हणून आणि एकदा एपिडेंड्रम म्हणून, म्हणजे चक्क ऑर्किडमध्ये. पुढे जनुकांच्या तपासणीत ते आयरिसच्या आतच बसतं असं दिसलं आणि २००५ मध्ये त्याचं नाव आयरिस डोमेस्टिका झालं. म्हणजे पानोपानीताईंचं फूल आयरिससारखं दिसतं पण आयरिस नाही, आणि तुमचं आयरिससारखं अजिबात दिसत नाही पण आयरिस आहे.

शेवंती :
अरे वा! माझ्या अंगणात आयरिस आहे हे मला आज कळलं.

रानवाटा :
दांडा गोल फिरला. ट्रायमेझिया. आठ महिने हे नाव शोधत होते, खूप खूप धन्यवाद.

गवतफूल :
ताई, एक करून बघा. दांडा आलेल्या पंख्यातली पानं मोजा. याला बारा प्रेषितांचं झाड असंही नाव आहे, एका पंख्याला बारा पानं झाल्याशिवाय फूल येत नाही असा समज आहे.

पानोपानी :
मोजली. एका पंख्यात अकरा, दुसऱ्यात नऊ. दोन्हींना फुलं आलीयेत. त्यामुळे समज तो समजच.

आज मात्र मी सहाला उठून खुर्ची टाकून बसले होते. आधी बाहेरच्या तीन पाकळ्या एकदम सुटतात, झटका बसल्यासारख्या, आणि मग आतल्या निळ्या सावकाश मागे वळत जातात. एकाच दिवशी चार पंख्यांवर चार फुलं, आदल्या दिवशी एक पण नव्हतं.

मातीचा वास :
तसंच असतं. बेटातली सगळी झाडं ठरवल्यासारखी एका दिवशी फुलतात आणि मधले काही दिवस काहीच नाही. एका फुलाचं आयुष्य दिवसाचं, मग पराग एकाकडून दुसऱ्याकडे जायचे तर सगळ्यांनी एकाच दिवशी उघडलेलं बरं.

पानोपानी :
पाच आठवड्यांनी परत येतेय, धागा वर काढल्याबद्दल माफ करा पण सांगितल्याशिवाय राहवेना. गवतफूल, तुम्ही म्हणालात तसंच झालं. पहिल्या दांड्यावर, कळ्यांच्या जागी, बोटाएवढा पंखा आलाय, पाच पानांचा, आणि दांडा वाकून जमिनीपासून वीतभर अंतरावर आलाय. त्याच्या बुडाशी पांढरे दोन फुगवटे दिसतायत, मुळांचे असावेत. जमिनीला टेकेपर्यंत थांबू का आत्ताच खाली कुंडी ठेवू?

गवतफूल :
कुंडी ठेवा, माती ओलसर, आणि रोप मातीला नुसतं टेकवून वर केसांच्या पिनेसारखी वाकवलेली तार खोचा. दांडा आत्ता तोडू नका. रोपाला हलकं ओढून बघा, ओढल्यावर हललं नाही की मूळ धरलं, मग कापा.

पानोपानी :
ठेवली. वरचं झाड तिथेच राहू दे म्हणते, त्याचं पुढचं पाऊल त्याला हवं तिकडे पडू दे. कुंडीतलं काकूंना देणार आहे, त्या रोज कुंपणापाशी येऊन विचारतायत की खाली टेकलं का.